कोळपे सरांचे आठ दिवस

"आत्ता काय ऐकलं न्हाईस, सांग."

कोळपे सर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी तेव्हा ओतूरच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो आणि हे नवे सर काखेत रेक्झिनची पिशवी मारून दारात उभे होते. जे ऐकलंच नाही ते सांगायचं कसं, असं मी जरा फणकाऱ्यानंच म्हणालो. त्यांनी भिंतीकडं बोट केलं. भिंतीला लागून पिठाची गिरणी होती, ती सकाळपासून धडधडत होती. कोपऱ्यातला नळ गळत होता. बाहेर एसटी मागं घेताना कंडक्टर शिट्टी मारत होता. यातलं मी काहीही ऐकलेलं नव्हतं. "कान तर उघडेच व्हते," सर म्हणाले, "मंग आवाज अडवला कुणी?"

पुढची बारा-तेरा वर्षं त्यांनी हा प्रश्न शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना विचारला. प्राचार्यांना तो आवडला नाही.

माझी ओळख दोन ओळींत उरकतो, कारण ती पुढं लागणार आहे. आमचं घराणं मूळचं मारवाडातलं, पण चार पिढ्या ओतूरच्या पेठेत किराणा दुकान. दुकान थोरल्या भावानं धरलं, मला शिक्षणाची हौस, आणि त्या हौसेनं मला आणून सोडलं कुठं, तर बेडूक आणि गांडुळांच्या बरण्यांत. जैनाच्या घरचा माणूस दिवसभर मेलेल्या जिवांची निगा राखतो हे आईला शेवटपर्यंत पचलं नाही. संध्याकाळी आंघोळ केल्याशिवाय ती मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला शिवू देत नसे. सर मला 'शेठ' म्हणायचे. फॉर्मॅलिनच्या बरण्यांखेरीज माझ्या ताब्यात काही नव्हतं, तरी शेठ.

ते स्वतः लोणीचे. आंबेगावच्या पूर्वेला, जिथं पाऊस यायचा का नाही याचा विचार करत बसतो, तिथले. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, अजून कळप राखत होते. वर्गात सर पुस्तकातलं स्वच्छ मराठी बोलत, पण वर्गाचा उंबरा ओलांडला की जीभ लोणीला परत जायची. बायको-मुलं लोणीत, आणि हे ओतुरात आमच्या दुकानामागच्या खोलीत भाड्यानं. जेवण आमच्याकडं. आईच्या हातचं बिनकांद्या-लसणाचं जेवण ते तोंड भरून वाखाणत आणि रविवारी स्टँडवर जाऊन कांदाभजी खात. आईला हे ठाऊक होतं. तिनं कधी विचारलं नाही.

त्यांचा पीएचडीचा विषय असा होता की तो सांगायला लागलं की माणसं घड्याळाकडं बघत. कानापासून मेंदूकडं आवाजाची वाट जाते हे सगळ्यांना माहीत असतं. पण मेंदूकडून कानाकडं येणारी उलटी वाटही असते. त्या वाटेवर मेंदू स्वतःच्या घरचीच अफू सोडतो. म्हणजे अफूच्या जातीची रसायनं, एन्केफॅलिन आणि डायनॉर्फिन अशी त्यांची नावं. एखादं कानाला शांत करत असेल, एखादं उलट तिखट करत असेल, आणि माणूस जेव्हा धास्तावलेला असतो तेव्हा ह्यांचा काहीतरी वेगळाच खेळ चालत असेल, असा सरांना संशय होता. "कान म्हंजी नुसती गावाची येस हाये, शेठ. कुणाला आत घ्यायचं ते पाटील ठरवतो, आन् पाटील बसलाय वर," असं म्हणून ते डोक्यावर टिचकी मारत.

कॉलेजात त्यांचं नाव 'अफूवाले सर' पडलं. एकदा गावातला एक पुढारी खरोखरच आडबाजूला घेऊन विचारून गेला, की माल कुठून येतो.

आईनं मात्र हा विषय फार मनावर घेतला. वडील गेल्यापासून तिच्या कानात सतत शिट्टी वाजायची. नारायणगावच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून 'वय झालं' असं निदान केलं होतं. सरांनी तिच्यासमोर पाटावर बसून तासभर सगळं समजावलं. ती शांतपणे ऐकत होती ती एका शब्दाशी थबकली. तिचं माहेर मारवाडातलं. पाहुण्याला ओंजळीतून अफूचं पाणी देतात हे तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं, आणि त्या ओंजळीपायी वाया गेलेला काकाही. म्हणून तर तिनं नशेला न शिवण्याचं व्रत घेतलेलं.

"मास्तर," ती म्हणाली, "म्हणजे माझ्या डोक्यात अफू आहे? माझं व्रत मोडलं की काय?"

सरांनी खूप गंभीरपणे विचार केला. "न्हाई काकी. तुमी प्याला न्हाई. ती आपसूक पाझरती. आन् ती पाझरायची थांबली तर जग लई मोठ्यांदा ऐकू यील. ते कुणाला सोसायचं न्हाई."

आईनं त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त वाढले. ज्याला आपलं दुखणं ऐकून घ्यायला तासभर आहे तो माणूस तिच्या लेखी साधूच होता.

आता त्या पीएचडीवर काय अडलं होतं ते सांगतो. सरांची नेमणूक तात्पुरती होती. पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेले नव्हते, तेव्हा पीएचडी झाली तर नोकरी कायम, नाहीतर दर वर्षी जूनमध्ये नवा अर्ज आणि नवी धाकधूक. आणि कॉलेजपेक्षाही कडक परीक्षक घरात होता. दिवाळी झाली की आबा कळप घेऊन माळशेज उतरून कोकणात जायचे, तेव्हा ओतूरच्या शिवारात चार दिवस त्यांचा तळ पडायचा. सर वर्गाला घेऊन तिथं जायचे. दिवसभर कोकरं जाळीच्या आत आणि मेंढ्या चरायला. संध्याकाळी मेंढ्या आल्या की जाळी उचलायची. मग जो गलका उठतो तो ऐकल्याशिवाय कळायचा नाही. दोनशे माया आणि दोनशे पोरं एकदम ओरडताहेत, आणि घटकाभरात प्रत्येक कोकरू बरोबर आपल्याच आईच्या कासेला. वर्गातली पोरं वह्या विसरून बघत राहायची. सर एका मेंढीकडं बोट करून म्हणायचे, "हिला बाकीची एकशे नव्व्याण्णव ऐकू येत न्हाईत. हाच माझा विषय."

आबा काठीवर हनुवटी टेकून हे ऐकायचे आणि दर वर्षी एकच विचारायचे, "झाला का डाक्टर?"

"व्हतोय, आबा."

"मेंढरांचा का मान्सांचा?"

"उंदरांचा," सर म्हणायचे, आणि आबा तोंड फिरवून थुंकायचे.

उंदीर बारा होते. पांढरे, लाल डोळ्यांचे. सहा जण गिरणीच्या भिंतीला चिकटून ठेवलेल्या पिंजऱ्यात, रात्रंदिवस धडधडाटात; सहा जण वरच्या माळ्यावर, निवांत. काही महिन्यांनी सगळ्यांना पुण्याला न्यायचं, तिथल्या एका प्रयोगशाळेत मारायचं, मेंदू गोठवून त्याचे कागदाहून पातळ काप काढायचे आणि ते रसायनात बुडवून बघायचे, की गिरणीजवळच्या उंदरांच्या त्या उलट्या वाटेवर अफू वाढली का घटली. एवढं एक उत्तर हवं होतं. बाकीचा प्रबंध सरांनी लिहून काढला होता, मधल्या पानांची जागा कोरी सोडून.

गंमत अशी, की आमच्या दोघांत उंदीर मारणारा एकही नव्हता. मी का नाही ते सांगितलंच. सर मेंढरांतले, पण त्यांनी जन्मात जनावर फक्त जगवलं होतं. आजारी कोकरू अंगरख्यात घालून निजणारा माणूस. बेडकाच्या प्रात्यक्षिकाला ते पोरांना सूचना द्यायचे आणि स्वतः खिडकीबाहेर बघायचे. उंदरांना आई रोज मूठभर ज्वारी पाठवायची, दुकानातली, निवडून. सर म्हणायचे, "काकी, प्रयोगाला ठरीव खाणं लागतं." आई म्हणायची, "असू दे."

पुण्याला मारायचं काम तिथलेच लोक करणार होते. आम्हाला फक्त न्यायचं होतं. पिंजरा जड, म्हणून एक बाजू सरांनी धरायची आणि एक मी. सरांच्या पुण्याच्या मार्गदर्शकांनी तारीख कळवली. काप काढायच्या यंत्रावर आमची पाळी ठरली, आणि परदेशातून बर्फात आलेली रसायनाची एवढीशी बाटली त्या आठवड्यात उघडायची होती. तीन संशोधकांत मिळून एक बाटली. एकदा उघडली की थोडे दिवस टिकणार.

ती तारीख पर्युषणात येत होती. आमच्यात ते आठ दिवस हिरवी भाजीसुद्धा चिरत नाहीत, आणि शेवटच्या संवत्सरीच्या दिवशी कडक उपवास करून सगळ्या जगाची क्षमा मागतात, आणि संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसून वर्षभराच्या चुका एकेक आठवतात. आईला ती तारीख कशी कळली कोण जाणे, पण ती दुपारी पदर सावरत सरांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "मास्तर, मी कधी काही मागितलं नाही. या आठ दिवसांत माझ्या मुलाच्या हातानं बारा जीव मरायला नेऊ नका. आठ दिवसांनी काय बिघडतंय?"

सरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग पायात चपला सरकवल्या, एसटीडी बूथवर गेले आणि पुण्याला फोन लावला. परत आले ते हसत. "काढला तोडगा. आठ दिवसांनी."

आठ दिवसांनी यंत्रावर दुसऱ्याची पाळी होती आणि बाटली संपली होती. नवी बाटली यायला वर्ष उलटलं. तोवर मार्गदर्शक निवृत्त झाले, सरांच्या नोंदणीची मुदत संपली, आणि नव्यानं सगळं सुरू करा असं पत्र आलं. ते पत्र सरांनी घडी करून प्रबंधाच्या कोऱ्या पानांत ठेवलं. उंदीर आईच्या ज्वारीवर लठ्ठ होऊन एकेक करून म्हातारपणानं गेले. विज्ञानाच्या सेवेत इतकं सुखाचं मरण फार थोड्या उंदरांना आलं असेल.

आणि सरांचा मोठेपणा बघा. हे सांगताना आजही माझा ऊर भरून येतो, असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो. इतकं नुकसान झालं, पण या माणसानं मला किंवा आईला चकार शब्दानं बोल लावला नाही. उलट त्यांनी त्याचा विनोद करून टाकला. आईचं ते वाक्य त्यांनी उचललंच. मला बरण्या धुवायला उशीर झाला की ते म्हणायचे, "ऱ्हाऊ दे शेठ, आठ दिवसांनी काय बिघडतंय?" घड्याळ बंद पडलं, आठ दिवसांनी काय बिघडतंय. जूनमध्ये तात्पुरत्या नेमणुकीचा अर्ज माझ्याच टेबलावर बसून लिहायचे आणि सही करताना माझ्याकडं बघून म्हणायचे, "आठ दिवस, शेठ." मी हसायचो. पुढच्या दिवाळीला आबांनी तळावर विचारलं, "झाला का डाक्टर?" तर सर म्हणाले, "आठ दिवसांनी व्हतोय, आबा." मी शेजारीच चहाची किटली घेऊन उभा होतो. मी इतका हसलो की चहा सांडला. त्यापुढच्या दिवाळीला कळपाबरोबर आबा नव्हते; त्यांना त्याच उन्हाळ्यात लोणीत माती दिली होती.

दर संवत्सरीला मी सरांसमोर हात जोडायचो. "मिच्छामि दुक्कडम्, सर. कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा." ते दर वर्षी विचारायचे, "कशाबद्दल, शेठ?" मी म्हणायचो, "सगळ्याबद्दल." असंच म्हणायची रीत आहे. मग ते मान हलवायचे आणि मी पुढच्या घरी जायचो. दुपारपर्यंत मला पन्नासएक माणसं उरकायची असत.

आई गेली तेव्हा सर तिरडीला खांदा द्यायला होते. त्यानंतर दोनएक वर्षांत एक पीएचडी झालेली हुशार मुलगी त्या जागेवर आली आणि त्या जूनला सरांचा अर्ज परत आला. कुणाची काही चूक नव्हती, नियमच तसा होता. प्रयोगशाळेतच आम्ही निरोप समारंभ केला. भाषण करायचा मान मी मागून घेतला. डोळे पुसत पुसत मी ती उंदरांची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणालो, "सरांचं आयुष्य त्या आठ दिवसांनी बदललं. पण एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून त्याबद्दल एक शब्द मी ऐकला नाही." टाळ्या पडल्या. माझं भाषण चांगलंच झालं होतं.

सरांनी उत्तरादाखल फक्त आभार मानले. स्टँडपर्यंत मी त्यांची वळकटी घेऊन गेलो. मंचरची गाडी लागायची होती. बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "शेठ, आत्ता काय ऐकलं न्हाईस?"

मी सवयीनं इकडंतिकडं कान दिला. उसाचा चरक, रिक्षा, कंट्रोलरचा भोंगा. एकेक सांगायला लागलो.

"ते न्हाई," सर म्हणाले. "एक शब्द ऐकला न्हाई म्हनलास. आरं, मी रोज बोललो. सात-आठ वर्सं रोज. तुझ्या तोंडावर बोललो, आबाच्या म्होरं बोललो. तू हसलास." आवाज चढलेला नव्हता. वर्गात एखादी व्याख्या परत सांगावी तसं ते सांगत होते. "मी म्हनायचो, आता तरी ऐकंल. मंग वाटायचं, जाऊ दे, लई अफू पाझरती याची."

गाडी आली. त्यांनी माझ्या हातातून वळकटी घेतली आणि खिडकीशी जाऊन बसले. मी हात हलवायचाही विसरलो.

घरी आलो आणि एकेक वाक्य ऐकू यायला लागलं. बरण्यांपाशी, घड्याळापाशी, अर्जावर सही करताना. आबांच्या तळावर. सगळं साठवलेलं होतं, एकही शब्द गळलेला नव्हता. मला लाज वाटली, आणि ती लाज कमी व्हावी म्हणून मी स्वतःला पुष्कळ कारणं सांगून पाहिली. आईचा शब्द होता. धर्माचे दिवस होते. बाटली लहान होती. पावसाळा अर्धा सरला तरी कारणं पुरली नाहीत.

त्या वर्षी संवत्सरीला पन्नास माणसं उरकली नाहीत. उपाशीपोटी सकाळची गाडी धरली, मंचरला बदलली आणि दुपार कलताना लोणीत उतरलो. सर गावाबाहेर माळावर होते, आबांची काठी हातात, डोक्याला पटका. पावसाळ्यात कळप गावातच असतो. मला बघून त्यांना काही नवल वाटलेलं दिसलं नाही. "थांब, जाळी उचलतो," एवढंच म्हणाले, आणि जाळी उचलली.

गलका उठला. मी त्यातच हात जोडले. थांबलो असतो तर धीर गेला असता. "मिच्छामि दुक्कडम्, सर. माफ करा."

"काय?" सरांनी कानामागं हात धरला.

"त्या आठ दिवसांबद्दल," मी ओरडलो. "तुमची पीएचडी गेली, नोकरी गेली, आबांना बघायला मिळालं नाही. त्याबद्दल."

"काय?"

मी आणखी जवळ गेलो.  आणि मग जे मी आईला नाही, बायकोला नाही, खरं तर स्वतःलाही कधी नीट सांगितलं नव्हतं, ते त्या मेंढरांच्या गोंधळात बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं. "आईला तारीख मी सांगितली होती, सर. तिला काय ठाऊक असणार? मला पिंजरा उचलायचा नव्हता. तुम्हाला नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून तिला पुढं केलं."

एव्हाना कोकरं आपापल्या जागी लागली होती आणि माळ बराच शांत झाला होता. त्यामुळं शेवटची दोन वाक्यं लोणीच्या वेशीपर्यंत गेली असावीत.

सरांनी कानामागचा हात काढला. "पैल्या येळंलाच ऐकलं व्हतं, शेठ," ते म्हणाले. "तुला ऐकू जातंय का, ते बघत व्हतो."

मग आम्ही घराकडं चालू लागलो. दिवस मावळायला अजून अवकाश होता. वहिनींनी ओसरीवर पाट टाकला आणि तांब्या पुढं केला. मी दचकलो. आमच्या उपवासात पाणी चालतं ते फक्त उकळून गार केलेलं, आणि तेही सूर्य असेतोवर. हे मी म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "उकळल्यालंच हाये, भाऊ. आज सकाळीच ठिवलं व्हतं ह्यांनी चुलीवर. नोकरी सुटली तवा म्हनले, औंदा यील त्यो."

गाळलेलंही होतं, तांब्याला फडकं बांधलेलं होतं, आई बांधायची तसं. मी पाणी प्यालो. संध्याकाळचं प्रतिक्रमण त्या वर्षी चुकलं.